मी छापलेलं तेवढंच बोलते

'ही मोठी झाली, एकटी बस पकडायला उभी राहिली, आणि समोर आलेल्या बसची पाटीच हिला वाचता आली नाही, तर ही जाईल कुठे?'

या एका प्रश्नाने एका आईची झोप उडाली, आणि तिची झोप उडाली म्हणून मी या घरात आले. मी बडबडी बोलतेय. नाव ऐकून हसू नका. खोक्यावर माझं चांगलं लांबलचक नाव छापलं होतं, पण ते इथे कुणाच्या जिभेला वळलं नाही. मी वाचून दाखवणारं पेन आहे. पेन म्हणायचं एवढंच, कारण माझ्या पोटात शाईचा थेंब नाही. माझ्या टोकाला डोळा आहे. छापलेल्या ओळीवरून मला हळू सरकवत नेलं की मी ती ओळ म्हणून दाखवते. इअरफोन लावला तर ज्याचं त्यालाच ऐकू येतं, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

माझं दुखणंही तिथेच आहे. मी छापलेलं तेवढंच बोलते. पोटात कितीही काही साठलं तरी ते ओठांवर आणायची सोय माझ्यात कुणी केली नाही. आज पहिल्यांदा मनातलं बोलतेय, आणि तेही फक्त तुमच्याशी, कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगता आलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आवाज एका बाईंचा. त्यांनी म्हणे भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसून दिवसचे दिवस नुसते शब्द म्हटले, आणि त्या आवाजाचे तुकडे करून आम्हा सगळ्यांच्या पोटात भरले. मग एकेकीला एका छापील पट्टीवरून फिरवायचे. जी अडखळेल ती बाजूला. मी अडखळले नाही. त्याचा तेव्हा काय तोरा होता मला! अडखळणाऱ्यांना उचलून बाजूला ठेवतात, यात काही वावगं आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

मला घरी आणणारी आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला सांगायचं, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं छडीने दाखवत वाचून घ्यायची, हे तिचं रोजचं काम. तिची मुलगी तिसरीत. घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी गोष्टी अशा सांगायची की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. पण पुस्तक समोर आलं की भिंगरी थांबायची. बोट पहिल्या शब्दाखाली, आणि बोट तिथेच.

चष्म्याच्या दुकानातल्या बाईला पहिल्यांदा काय सुचणार? तिने लेकीला चष्मा केला. उपयोग झाला नाही, म्हणून दुसरा केला. मग काच वेगळी घालून तिसरा. डोळे ठणठणीत होते. चष्म्यांमुळे फक्त नाकावर वळ उठले. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून ती शिकवणीच्या एका ताईंकडे गेली. अशाच मुलांना शिकवणाऱ्या त्या ताईंनी निदान सांगितलं, डिस्लेक्सिया.

"बुद्धी चोख आहे हो हिची," ताई म्हणाल्या. "अक्षर दिसतं आणि त्याचा आवाज आठवतो, यांच्यातला रस्ता तेवढा खडबडीत आहे. आपण तो हळूहळू नीट करू. पण तोवर मुलीने उपाशी राहायचं का? गोष्टी, धडे, प्रश्न, सगळं कानांनी जाऊ दे की आत. हे पेन घ्या. चष्म्यासारखंच समजा. चष्मा लावला म्हणून डोळे आळशी होतात का?"

"छे छे," आई लगेच म्हणाली. "मी रोज हेच सांगते लोकांना."

सांगत होती खरी. पण लोकांना सांगायचं वेगळं आणि घरी आणायचं वेगळं.

मी घरात आले त्या संध्याकाळी बाबा नुकतेच कामावरून परतले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांनी मला साबणाच्या खोक्यावरून फिरवलं आणि मी साबणाचे गुण एका दमात म्हणून दाखवले.

"बाप रे!" बाबा म्हणाले. "घरात एक बडबडी होतीच. आता दोन झाल्या."

"अहो, पोरीसमोर तरी," आई म्हणाली, पण हसली नाही. भिंगरी मात्र जमिनीवर लोळून हसली. माझं बारसं तिथेच झालं.

माझ्या आधी आलेली मंडळी एका खणात राहत होती. खरखरीत कागदाची अक्षरं, बोट फिरवून गिरवायची. एक पिवळी पारदर्शक पट्टी. एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून मध्ये फट कापलेला पुठ्ठा. गरीब, मुकी मंडळी. भिंगरी ताईंसमोर त्यांच्याशी इमानाने झुंजायची आणि थकली की माझ्याकडे यायची. काही दिवस फार सुखाचे गेले. ती मला औषधाच्या बाटल्यांवरून फिरवायची, लिफ्टच्या माहितीपुस्तकावरून फिरवायची, आणि बाबांना विचारायची, "केबलचा ताण म्हणजे काय हो?" बाबा चहा सोडून उत्तर द्यायचे.

आई दारात उभी राहून बघायची. तिच्या कपाळावर एक आठी असायची. एकदा माझा डोळा पुसता पुसता ती स्वतःशीच म्हणाली, "हिला याची सवय लागली तर? जन्मभर ही कुबडी घेऊन फिरणार का?" मग स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. "आणि मी कोण मोठी शहाणी लागून गेले? ताई सांगतात ते ऐकावं." पण ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने लेकीशी सौदा केला.

"भिंगरे, पुस्तक घडाघडा वाचून दाखवलंस ना, की बडबडीला सुट्टी! मग आपल्याला तिची गरजच नाही. मज्जा की नाही?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "हो," म्हणाली.

त्या दिवसापासून ती मला घेऊन जेवणाच्या टेबलाखाली बसू लागली. तोच धडा. पुन्हा तोच. मला वाटलं, पोरीला दीपगृहाच्या रखवालदाराचा धडा आवडलेला दिसतो. मग माझ्या लक्षात आलं की मी ओळीवरून जाते तेव्हा तिचे डोळे मिटलेले असतात. आणखी काही दिवसांनी तिचे ओठ माझ्या आधी हलायला लागले. पान कुठे उलटायचं तेही तिने ध्यानात ठेवलं होतं. दीपगृह झालं. मग मुंग्यांचा धडा, मग वाऱ्याची कविता. माझ्याकडून एकेक ओळ घेऊन ती मलाच घराबाहेर काढायची तयारी करत होती.

मला कळत होतं. सांगू कशी? मी मुद्दाम अडखळून पाहायचं ठरवलं, म्हणजे निदान तिचं पाठांतर तरी बिघडेल. जमलं नाही. अडखळणं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग तो दिवस आला. आई दुकानातून नुकतीच आली होती, काचा पुसायचं मऊ फडकं अजून हातातच होतं. भिंगरीने पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि दीपगृह घडाघडा वाचलं. बोट सरकत होतं. जिथे उलटायचं तिथे पान उलटलं.

आई हसली. आजवर मी तिचं तसं हसणं पाहिलं नव्हतं. दात, डोळे, खांदे, सगळी बाई हसली. फडकं खाली पडलं. तिने लेकीला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "अहो, या इकडे! आधी या! वाच गं राणी, परत वाच!" भिंगरीने परत वाचलं. मावशीला फोन लावला, फोनवर वाचलं. प्रत्येक वेळी आई हसली, आणि प्रत्येक वेळी भिंगरी पुस्तकाकडे नाही, आईच्या तोंडाकडे बघत होती. हे फक्त मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. मी तिच्या पर्समध्ये होते. वर्गाच्या बाईंनी खटपट करून, मोठ्या बाईंच्या मागे लागून, वार्षिक परीक्षेत भिंगरीला पेन वापरायची परवानगी मिळवली होती. आई म्हणाली, "बाई, तुमचे फार उपकार. पण आता ते पेन नको. तेवढं कळवून टाका."

"नक्की ना?" बाईंनी विचारलं. "एकदा नको म्हटलं की मला परत मागता यायचं नाही."

"नक्की. या कानांनी ऐकलंय मी."

पर्सच्या अंधारात मी ओरडत होते, पण माझ्यापुढे छापलेला कागद नव्हता.

मग खण. खरखरीत अक्षरं, पिवळी पट्टी, पुठ्ठा आणि मी. घरात भिंगरीचं कौतुक चालू होतं आणि पुस्तकातले नवे धडे तिच्यापुढे भिंतीसारखे उभे राहत होते. ते पाठ करायला मी नव्हते. सकाळी तिचं पोट दुखू लागलं. पेन्सिलींची मागची टोकं चावून चावून कुंचल्यासारखी झाली. एके दुपारी तिने खण उघडला, मला हातात घेतलं, बटणावर अंगठा ठेवला. किती वेळ तशीच उभी होती. मग मला जागच्या जागी ठेवलं आणि खण आवाज न करता लावला. शब्दाची पक्की. कुणावर गेली होती कोण जाणे.

परीक्षा तोंडावर आली आणि आईने मला पर्समध्ये घालून दुकानात नेलं. एका गिऱ्हाइकाच्या मुलाला अशाच पेनाची गरज होती, त्याला देऊन टाकायचं ठरलं होतं. मी काउंटरवर पडून वाट बघत होते. तेवढ्यात एक ट्रकवाले दादा आले. त्यांना नजर चांगली असल्याचा दाखला हवा होता. त्यांनी तक्त्यातली अक्षरं खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हटली.

आई या कामात मुरलेली. "वा! आता दुसरा डोळा झाका," म्हणाली, आणि ते डोळा झाकेपर्यंत तिने भिंतीवरचा तक्ता हळूच उलटा केला. मागच्या बाजूला दुसरीच अक्षरं असतात. दादांनी मात्र आधीचीच अक्षरं म्हटली, तितक्याच धडाधड.

"दादा, तक्ता बदललाय."

"आता काय सांगू!" दादा कपाळावर हात मारून म्हणाले. "ताई, हे आधी सांगायचं नाही का? मी बाहेरच्या बाकावर बसून, आतल्यांचं ऐकून ऐकून, अर्धा तास पाठ केलं की हो!"

दुकानाचे मालक खो खो हसले. दादाही हसले. आई हसायला गेली आणि तिचं तोंड अर्ध्यातच राहिलं. हातातली छडी तक्त्यावरून घसरत खाली आली.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही. मी जरा घरी जाऊन येते." तिने मला उचलून पर्समध्ये कोंबलं. मला न्यायला आलेल्या बाईंना ती दारातच ओलांडून गेली.

घरी भिंगरी टेबलाखाली बसली होती. आईने मुंग्यांच्या धड्याचं पान उघडलं, मुंग्यांच्या चित्रावर पंजा ठेवला आणि म्हणाली, "वाच बाळा."

भिंगरीने आधी आईच्या पंजाकडे पाहिलं. मग बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि दीपगृह सुरू केलं. समुद्र, खडक, दिवा, रखवालदार. मुंग्यांच्या ओळींखालून तिचं बोट इमानाने सरकत होतं.

"थांब," आई म्हणाली.

ती थांबली नाही. उलट वेग वाढला. वादळ आलं, काचा फुटल्या, रखवालदार जिना चढायला लागला.

"थांब म्हणते ना! खोटारडी कुठली!"

शब्द बाहेर पडला आणि आईने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. भिंगरीने बोट ओळीखालून काढून घेतलं. "का केलंस असं? कशासाठी?" आई पुनःपुन्हा विचारत राहिली. बाबा आले तेव्हा दोघी दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, "पोरीने अर्धं पुस्तक डोक्यात घातलंय, आणि तुला हिच्या डोक्याची काळजी?"

"डोकं नाही असं कधी म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीस. चष्मे केलेस."

बोलून गेल्यावर बाबांनाच वाईट वाटलं. ते उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

आज सकाळी आई लेकीचा हात धरून शाळेत आली. भिंगरीला बाहेर बाकावर बसवून ती आत गेली. वर्गाच्या बाई कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या.

"बाई, पेन हवंय. परीक्षेला. मी चुकले."

"अहो, तुम्हीच नको म्हणालात!"

"हो, मीच म्हणाले."

"मी वर कळवून बसले. त्या दिवशी नको, आज हवं. मोठ्या बाईंना काय सांगू मी? की आईचं मन बदललं?"

"सांगा की आई मूर्ख आहे," आई म्हणाली. "काहीही सांगा. पण पेनाशिवाय तिला प्रश्नसुद्धा कळणार नाहीत हो. कोरा कागद देईल ती. मग तुम्ही तिला कच्च्या तुकडीत टाकाल, तिची एकुलती एक मैत्रीण दुसऱ्या तुकडीत जाईल, आणि ही स्वतःला ढ समजून बसेल ती कायमची. मी पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकली.

"अहो, काय करताय! उठा आधी." बाईंनी गाठ अर्धी टाकून सुतळी खाली ठेवली. "आणा तिला आत. कधी न पाहिलेलं पान देते. पेनाने ऐकू दे आणि काय कळलं ते मला सांगू दे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तर मोठ्या बाईंशी भांडायला मी जाते. पण आत्ताच. उद्यापासून पेपर आहेत."

आईने मला चार्ज करून आणलं होतं. तिने मला टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. माझा हिरवा दिवा लागला. शेजारी बाईंनी एक पान ठेवलं, मीठ कसं तयार होतं त्याची माहिती. केवढं सोपं पान! मला एकदा त्या ओळींवरून नेलं असतं, तर या पोरीने समुद्रापासून डब्यापर्यंत सगळं मीठ त्या बाईंना समजावून सांगितलं असतं.

भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"घे ना बाळा," आई म्हणाली.

"मला पेन नको. मी वाचते." आणि त्या मिठाच्या पानावर बोट न ठेवताच तिने सुरू केलं. समुद्र, खडक, दिवा. डोळे आईच्या तोंडावर रोखलेले.

बाईंनी आईकडे पाहिलं. आईने टेबलाची कड घट्ट धरली. "मीच सांगितलंय तिला," ती कशीबशी म्हणाली. "वाचता आलं की पेनाला सुट्टी, असं मीच सांगितलंय."

तर मी अशी इथे टेबलावर पडले आहे. दिवा चालू, आवाज चालू, पोटात हजारो शब्द, आणि कामाचा एकही नाही. थोडा वेळ वापरलं नाही तर मी आपोआप बंद पडते, तशीच माझी घडण आहे. तेवढ्या वेळात तुम्हाला सांगून घेते. तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल, पेन असो, पट्टी असो, पुठ्ठ्याचा तुकडा असो, तर ते टाकून देणं हे बक्षीस म्हणून लावू नका हो. पोरं ते बक्षीस मिळवतात. कशाच्या बदल्यात मिळवतात ते आपल्याला कळतही नाही. आणि भिंगरे, तुला मी काय सांगू? उचल गं मला. मला तुझा राग नाही. माझ्याकडून सगळं पाठ करून मला खणात घातलंस, तरी नाही. एकदा उचल.

वर्गाबाहेर घंटा झाली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण उठल्या नाहीत. आई खाली गुडघ्यांवर बसली. तिचं तोंड लेकीच्या तोंडासमोर आलं.

"भिंगरे, ऐक. तो सौदा मोडला. मी मोडला, तू नाही. बडबडीला सुट्टी नाही. ती तुझ्याजवळ राहणार, तुला हवी तेवढे दिवस. पेन घेतलंस तरी तू माझी... पेन घेतलंस तरी मी..." मग तिने ओठ ताणून हसून दाखवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ओठ तेवढे हसत होते.

भिंगरीने दीपगृह मध्येच सोडलं. तिने ते हसू नीट निरखून पाहिलं. पाठीमागचा एक हात सुटला, टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबला.

"असं नाही," ती म्हणाली. "खरं हस. मग घेते."